१५ ऑगस्टला नक्की कोण कोण सुटलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१५ ऑगस्ट १९४७, संपला विषय. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

दरवर्षी ऑगस्ट आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तिरंग्याचे फोटो सुरू होतात, मग कोणीतरी एक काका "आपण खरंच स्वतंत्र आहोत का" असा लांबलचक फॉरवर्ड टाकतात, मग दोन दिवस भांडण, मग कोणाचातरी वाढदिवस येतो आणि विषय बंद. मी लातूरकडचा, बायको सोलापूरची, मेहुणा नोकरीला गोव्यात, म्हणजे आमच्या एका घरातच स्वातंत्र्याच्या तीन-चार तारखा निघतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की या देशात स्वातंत्र्य एका रात्रीत सगळ्यांना वाटलं गेलं नाही, ज्याचं त्याला वेगवेगळ्या तारखेला मिळालं, आणि दिलेलं परत काढून घ्यायची सोय बहुतेक वेळा त्याच कागदावर खाली कुठेतरी करून ठेवलेली होती.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला वेगळं झेंडावंदन का असतं?

कारण १५ ऑगस्ट १९४७ ला आमच्याकडे निजामच होता. हैदराबाद संस्थानात तेव्हा मराठी जिल्हे पाच, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. निजामाला भारतातही यायचं नव्हतं आणि पाकिस्तानातही जायचं नव्हतं, त्याला स्वतःचं वेगळं राज्य हवं होतं. त्या दिवशी दिल्लीत रोषणाई, आतषबाजी, आणि इकडे तिरंगा फडकवणं हा गुन्हा, निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या गावात स्वातंत्र्याची बातमी हळू आवाजात सांगितली गेली, कोणीतरी गेल्यासारखी.

आधीपासूनच तसं होतं म्हणा. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी, त्याच साली उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं आणि मग नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करायचा, हे सांगितलं की पुण्यातल्या लोकांना खरं वाटत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य घुसलं, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. ग्रुपवर इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. पुढचं सांगितलं की शांतता पसरते, पण सांगायला पाहिजे. या सैन्य कारवाईनंतरच्या, जिला पोलीस ॲक्शन म्हणतात, दिवसांत याच भागात मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर कत्तली झाल्या, उस्मानाबाद आणि नांदेड हे सगळ्यात वाईट फटका बसलेल्या जिल्ह्यांत होते. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा अंदाज दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. एकाच आठवड्यात एका शेजाऱ्याची सुटका झाली आणि दुसऱ्याचं घर गेलं, दोन्ही खरं आहे.

आणि गोवा?

१९ डिसेंबर १९६१. पोर्तुगीज १५१० पासून म्हणजे ४५१ वर्षं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरची परवानगी लागायची. १८ जून १९४६ ला मडगावात राम मनोहर लोहियांनी भाषण करायचा प्रयत्न केला आणि अटक झाली, १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे, सेनापती बापट महाराष्ट्रातून सत्याग्रही घेऊन गेले, त्याच वर्षी १५ ऑगस्टला हद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून जास्त माणसं गेली. मेहुणा म्हणतो की तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर मुक्तीपेक्षा १९६७ च्या जनमत कौलावर जास्त बोलतात, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा. लोकांनी नको म्हणून सांगितलं. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना ते तेव्हा लागलं होतं, पण स्वातंत्र्य म्हणजे "तुमच्यात नाही यायचं" म्हणायचाही हक्क आलाच की.

"पाच वर्षं सोळा दिवस" हे काय आहे? बायकोच्या माहेरी कोणीतरी म्हणालं.

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. म्हणजे काय, तर एखादी अख्खी जमातच जन्माने गुन्हेगार ठरवायची. आधी उत्तरेत, मग वाढवत वाढवत १९११ च्या कायद्याने सगळीकडे. आपल्याकडे पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट, भामटा, टकारी, छप्परबंद अशा बऱ्याच जमातींवर हा शिक्का बसला. तुम्ही काही केलेलं असो नसो, नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर पास काढायचा, आणि सरकारला वाटलं तर कुटुंबच्या कुटुंब उचलून तारेच्या कुंपणात.

सोलापूरला अशी मोठी वसाहत होती. तो भाग अजूनही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो, रिक्षावाल्याला "सेटलमेंट" म्हटलं की तो बरोबर नेतो, त्याला अर्थ विचारू नका. तिथली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जायची आणि परत तारेच्या आत यायची. बायकोच्या माहेरच्या गल्लीत एक आजी होत्या, त्यांचं लहानपण तिथं गेलेलं. त्यांना कोणी जोरात हाक मारली ना, तर त्या "ओ" द्यायच्या नाहीत, "हाजर" म्हणायच्या. ऐंशीच्या पुढचं वय, नातवंडं हसायची, त्याही हसायच्या.

तर १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा ही माणसं तारेच्या आतच होती. घटना लागू झाली, समता आली, तरी कायदा चालूच. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मोजा, पाच वर्षं सोळा दिवस. म्हणून विमुक्त म्हणायचं, आणि म्हणून ३१ ऑगस्ट हा त्यांचा विमुक्त दिन.

मग त्या दिवशी तरी सगळं संपलं ना?

नाही हो. एक कायदा गेला आणि राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ चा. कागदावर आता जमात नाही, माणूस सराईत. पण पोलीस ठाण्यात सराईत कोण हे ठरवताना आडनाव बघितलं जात नाही असं छातीठोक सांगणारा मला अजून भेटायचाय. तुरुंगांच्या नियमावलीत तर जातीप्रमाणे कामं आणि या जमातींना वेगळी वागणूक हे चक्क छापलेलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ ला रद्द केलं, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. २०२४ बरं का, टायपिंग मिस्टेक नाही.

टिळकांवर लावलेलं राजद्रोहाचं कलम अजून आहे का?

आहे पण नाही पण आहे. १२४ अ हे कलम १८७० मध्ये आलं. टिळकांना १८९७ मध्ये त्यात दीड वर्ष शिक्षा, १९०८ मध्ये सहा वर्षं आणि ब्रह्मदेशातला मंडालेचा तुरुंग, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. १९२२ मध्ये गांधींनाही त्याच कलमात सहा वर्षं. एवढं सगळं बघून पुढाऱ्यांनी पहिल्या दिवशी ते कलम फाडून टाकलं असेल असं वाटतं ना? ठेवलं. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ठेवलं, फक्त हिंसेला चिथावणी असेल तरच लावा म्हणाले, आणि पोलिसांनी आपल्या सवयीने लावायचं तसं लावलं. मे २०२२ मध्ये कोर्टाने ते थांबवलं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. वाचून बघा आणि तुम्हीच ठरवा.

पाणी प्यायला कायदा कशाला लागतो?

महाडला लागला. आणि कायदा असूनही पाणी मिळालं नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. आणि तळ्यावर कोणी गेलं नाही, कारण जायची कोणाची छाती नव्हती. तीन वर्षं तो ठराव नुसता कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले, ओंजळीने पाणी प्यायले, त्यानंतर गावात सत्याग्रहींना मारहाण झाली आणि मग तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं "शुद्ध" केलं. माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी शेणाने शुद्ध! पुढे कोर्टात दावा, तो दहा वर्षं चालला, हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये.

देवळांचं तसंच. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ते १९३५, दार उघडलं नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या दारात जाण्यासाठी साने गुरुजींना उपास करावा लागला तो १९४७ च्या मे महिन्यात, म्हणजे इंग्रज सामान बांधत होते तेव्हा.

मताचा अधिकार तरी सगळ्यांना पहिल्यापासून होता की नाही?

१९५१-५२ पासून हो, आणि त्याबद्दल आपल्याला जेवढा अभिमान वाटायला पाहिजे तेवढा वाटत नाही असं माझं मत आहे. त्याआधी मालमत्ता, कर, शिक्षण असलं काहीतरी असेल तरच मत. एकदम १७ कोटींच्या वर मतदार, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चित्र.

पण यादीत गंमत झाली. नोंदणीवाले घरोघर गेले तर उत्तरेत लाखो बायकांनी नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. परक्या पुरुषाला बाईने नाव सांगायचं नाही ही रीत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले की स्वतःचं नाव नाही तर मत नाही, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. तेव्हा हे फार कडक वाटलं असणार. मला विचाराल तर त्या माणसाने बरोबर केलं, कारण पुढच्या निवडणुकीला बऱ्याच जणींनी नावं सांगितली. माझी पणजी मात्र शेवटपर्यंत मतदान केंद्रावर नाव विचारलं की आजोबांकडे बघायची.

बायकांच्या बाबतीत सगळं मुख्यतः इंग्रजांनी दिलं असं एक जण म्हणतो, खरं का?

रखमाबाईंची केस वाचा आणि मग बोला. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याकडे कधी राहिल्याच नाहीत, आणि मोठ्या झाल्यावर नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायाधीश पिन्ही त्यांच्या बाजूने बोलले, अपील झालं, आणि १८८७ मध्ये इंग्रजांच्याच कोर्टाने सांगितलं की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. आणि या सगळ्यात टिळकांचा केसरी कोणाच्या बाजूने होता? नवऱ्याच्या. जो माणूस राजद्रोहाच्या पिंजऱ्यात देशासाठी उभा राहिला तोच इथं असा, आणि दोन्ही टिळक आपलेच आहेत, एकाला लपवून दुसऱ्याचा पुतळा उभारायचा असेल तर तुमची मर्जी.

बाकी पटकन सांगतो. बायकांना लग्न आणि वारशात हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला, नंतर ते तुकड्या-तुकड्यांनी आलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. तलाठ्याकडे गेलात की बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायची घाई कोणाला असते ते दिसतंच.

घटना आल्यावर बोलायचं स्वातंत्र्य पूर्ण मिळालं ना?

साधारण दीड वर्ष. मद्रास सरकारने 'क्रॉसरोड्स' या डाव्या साप्ताहिकावर बंदी घातली आणि दिल्लीत 'ऑर्गनायझर' या उजव्या साप्ताहिकाला छापायच्या आधी मजकूर दाखवा म्हणून सांगितलं. दोघं कोर्टात गेले, मे १९५० मध्ये दोघंही जिंकले. मग सरकारने जून १९५१ मध्ये घटनेतच पहिली दुरुस्ती केली आणि बंधनांची यादी वाढवली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधी, नेहरूंच्या सरकारने. आणि खटला न चालवता आत टाकायचा कायदा तर फेब्रुवारी १९५० चाच, घटना लागू होऊन महिनाच झाला होता. नंतर मिसा, टाडा, पोटा, यूएपीए, नावं बदलत गेली. कोण सत्तेत होतं ते प्रत्येक नावापुढे लिहून बघा, कोणत्याच पक्षाला हात झटकता येणार नाहीत.

आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या म्हणतात, मग एवढा आरडाओरडा का?

हे वाक्य आमच्या ग्रुपवर दर वर्षी २५ जूनला येतं. गाडीचं जाऊ द्या, एक गोष्ट ऐका.

लाखाच्या वर माणसं आत होती. त्यांच्या घरच्यांनी वेगवेगळ्या हायकोर्टांत अर्ज केले की आमचा माणूस का धरला ते सांगा, बऱ्याच हायकोर्टांनी ऐकून घेतलं, म्हणून सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी सरकारच्या वकिलांना विचारलं की समजा एखाद्या पोलिसाने स्वतःच्या वैरातून एखाद्याला ठार मारलं तर काही दाद मागता येईल का. वकिलांनी सांगितलं, आणीबाणी चालू आहे तोवर नाही. आणि तरीही २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने. एक म्हणजे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. त्या चारांत आपले यशवंत विष्णू चंद्रचूड होते, आणि तो निकाल चुकीचा होता असं २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात लिहिलं ते त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी. आपल्याकडे बापाचं चुकलं म्हणायला पोराला ४१ वर्षं लागतात, त्यात नवल नाही, निदान म्हटलं.

महाराष्ट्रात काय झालं तर कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, स्वागताध्यक्ष खुद्द यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री, आणि बाईंनी त्यांच्या देखत आणीबाणीविरुद्ध ठणकावलं. पुढे अटक झाली. आणि हेही लक्षात ठेवा की सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो.

आता घोळ असा की वेठबिगारी बंद करणारा अध्यादेश ऑक्टोबर १९७५ चा, म्हणजे भर आणीबाणीतला. ज्यांचे संपादक आत होते त्यांचं स्वातंत्र्य गेलं आणि सावकाराच्या शेतात पिढ्यानपिढ्या राबणाऱ्याला कागदावर का होईना सुटका मिळाली. त्यामुळे आणीबाणी माफ होत नाही, पण हे वगळून सांगणारा माणूस अर्धंच सांगतोय.

फेसबुकवर लिहिलं म्हणून खरंच अटक होऊ शकते?

पालघरला विचारा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद, एका मुलीने बंद कशाला अशा अर्थाची पोस्ट टाकली, दुसरीने लाइक केली, दोघींना अटक. लाइक केलं म्हणून! त्यातून आयटी कायद्यातलं कलम ६६ अ सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. त्यानंतरही पोलीस ठाण्यांत ते कलम लावणं चालूच होतं, २०२१ मध्ये कोर्टालाच धक्का बसला. कॉम्प्युटरच्या ड्रॉपडाऊनमधून काढायचं राहिलं असेल, दुसरं काय.

स्वातंत्र्य नेहमी सरकारच काढून घेतं का?

नाही, गाव आणि भावकी जास्त पटाईत आहेत. वाळीत टाकणं, गावकी, जातपंचायतीचे दंड. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला, म्हणजे एकाच्या स्वातंत्र्याने दुसऱ्याचं खाल्लं. नवा कायदा यायला २०१६ उजाडलं, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. तरी रायगडकडून वाळीत टाकल्याच्या बातम्या येतात. आणि वर सांगितलेला कंजारभाट समाज आठवतो? १९५२ ला इंग्रजांच्या कायद्यातून सुटला, आणि २०१८ मध्ये त्याच समाजातली तरुण पोरं-पोरी लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध स्वतःच्याच जातपंचायतीशी भांडत होती.

काहीतरी चांगलं सांगा की.

मेंढा लेखा, गडचिरोली. इंग्रजांनी जंगल सरकारी केलं, स्वतंत्र भारताने तसंच ठेवलं. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं म्हणे बांबू हे झाड आहे, वाहतुकीचा पास आम्हीच देणार. गाव म्हणे बांबू हे गवत. भांडत राहिले, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. ज्यांच्या आज्यांनी पासाशिवाय लाकूड आणलं म्हणून गार्डचं ऐकून घेतलं, तेच आता पास फाडून देतात.

पोरीचं शाळेत भाषण आहे, दोन मिनिटं, एकच तारीख सांगायची तर कुठली?

आमच्या पोरीने मागच्या वर्षी ३१ ऑगस्ट घेतली. बाईंनी विचारलं, बेटा तुझं चुकतंय का, १५ ना? तिने घरून आणलेला कागद दाखवला. भाषण मग झालं, पण हजेरीनंतर घेऊ म्हणाल्या, आणि वर्गात हजेरी सुरू झाली.